ग्रीसच्या समुद्रात सीतादही

पोरोस बेट, ग्रीस देश
मे २००६

तीर्थरूप म्हणावं एवढा तू मोठा नाहीस, चिरंजीव म्हणावं एवढा लहान नाहीस, म्हणून नुसतंच

प्रिय नागोराव यास,

भगवानरावाचा समुद्रावरून रामराम. आम्ही येथे खुशाल असून आपली खुशाली कळवावी. सौ. इंदूवहिनींचे गुडघे, दोन्ही बैल आणि नवी कालवड यांची प्रकृती कशी आहे, तेही सविस्तर कळवावे. (शाळेतलं मराठी इथवरच पुरलं. याच्यापुढं आपलंच.)

तू माह्याशी बोलत नाहीस हे मले पक्कं ठाऊक आहे. तरी लिहून राह्यलो, कारण चिठ्ठीले काही तुह्यासारखं तोंड फिरवता येत नाही. निघाच्या आधी तुह्या ओसरीवर आपलं जे झालं ते झालं. तू म्हणलं, यंदा कापसाची पऱ्हाटी बंद, सगळ्या वावरात सोयाबीन. मी म्हणलं, अरे, जगात जिथं जिथं शीड आहे तिथं तिथं कापूस लागते, सोयाबीनचं शीड कोणी शिवलं काय? तू म्हणलं, अळी खाते, भाव खाते, उरलं तर मी खातो. इथवर ठीक होतं. पण मंग तू म्हणलं की मी जिंदगीभर खरेदी केंद्रावर खुर्चीत बसून लोकाच्या कापसाले नाक मुरडलं, मले पेरणीतलं काय कळते! आता तूच सांग बे, ग्रेडरनं नाक मुरडू नये तर काय आरती ओवाळावी? मीही मंग दोन-चार शब्द टाकले. ते काही इथं पुन्हा लिहीत नाही, वहिनी चिठ्ठी वाचतात.

तर आमच्या सफरीची हकिकत. आपल्या चारुदत्त वकिलाचा स्वानंद इकडं जहाजाच्या कंपनीत आहे, हे तुले माहीत आहे. त्यानं दोघातिघांत मिळून एक जुनी यॉट घेतली. यॉट म्हणजे शिडाची नाव, पण आत चहाची सोय असलेली. इथं उन्हाळा लागला की गोऱ्या पाव्हण्यांना घेऊन या बेटावरून त्या बेटावर फिरवायचा हंगाम सुरू होते. पाव्हणे यायच्या आधीची पहिली फेरी घरच्यांची, म्हणून त्यानं बापाले आणि बापाच्या तीन दोस्तांना बोलावलं. तिसरा तू. तुही झोपायची फळी रिकामी आहे. तिच्यावर सध्या देवरावचा लोणच्याचा डबा झोपते.

देवरावचं काय सांगू! जिंदगीभर महागाव-उमरखेड एसटी चालवलेला माणूस. नावेवर पाय ठेवला आणि पहिलं हॉर्न कुठं आहे ते विचारलं. बेट दिसलं की याले वाटते थांबा आला, उठून उभा राह्यते. कप्तान स्तावरोस म्हणून मोठा दिलदार गडी आहे, मिशा पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारख्या वळलेल्या. त्याले आपली भाषा येत नाही आणि देवरावले त्याची, तरी दोघं दिवसभर भांडत राह्यतात, आणि मजेत राह्यतात. (भांडल्यावरही बोलता येते, हे तुह्या माहितीसाठी.)

मी पहिल्या दिवशीच शिडाजवळ गेलो. एवढं पांढरं शुभ्र कापड पाहून माहे हात शिवशिवले. चिमटीत धरलं, कोपऱ्यातला एक धागा ओढला, बोटावर फिरवला, नाकाजवळ नेला. अन् बाप्पा! कापसाचा वाससुद्धा नाही. स्वानंदले विचारलं, तर म्हणे काका, हे पॉलिस्टर, आता सगळीच शिडं अशी असतात. नागोराव, खरं सांगतो, मले त्या नावेवर तोंड लपवाले जागा सापडेना. समोर बंदरात शंभर शिडं उभी होती अन् त्यात आपल्या वावरातलं एक बोंड नव्हतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. (रात्री लोणचं-भाकरी खाल्ली, पण ते जेवण म्हणत नाहीत.)

आता मुख्य भानगड. दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर उचलून निघाचं होतं. देवराव म्हणाला, हंगामाची सुरुवात आहे आणि सीतादही नाही, हे कसं? चारुदत्तसारखा शिकला-सवरला माणूसही म्हणाला, खरं आहे. आपल्याकडं पहिल्या वेचणीले बाया दहीभाताचा निवद दाखवल्याशिवाय बोंडाले हात लावत नाहीत. मंग शीड तरी तसंच कसं उघडाचं? आम्ही तिघांनी भात टाकला. इथलं दही म्हणजे गड्या, सुरीनं कापावं असं घट्ट. ते शिंपडता येईना, म्हणून चारुदत्तनं त्यात पाणी घालून पार ताक केलं. कप्तान इंजिन चालू करून दोऱ्या सोडाले तिकडं गेलता तेवढ्यात आम्ही नावेच्या नाकावर, सुकाणूच्या चाकावर, पायऱ्यांवर भक्तिभावानं दहीभात शिंपडला.

शिंपडला अन् वरून समुद्रपक्षी आले. दोन आले, चार आले, मंग साऱ्या पोरोसचे आले. चारुदत्तची टोपी त्यातल्या एकानं नैवेद्य समजून उचलली. गोंधळ ऐकून कप्तान अनवाणी धावत आला, त्याचा पाय भातावर पडला, आणि तो दिलदार गडी बसल्या जागी घसरत दुसऱ्या टोकाले गेला. चाक मोकळं पाहून देवरावनं झडप घातली. माणसानं घाटात गाड्या काढल्या, पण पाण्यात ब्रेक नसते हे त्याले कोणी सांगितलं नव्हतं. तो पाय आपटत राह्यला अन् नाव सरळ काठच्या गाळात जाऊन रुतली, आपली बैलबंडी नाल्यात रुतते तशीच. काठावरच्या हॉटेलातले लोक खुर्च्या वळवून बसले. शेवटी एका मासेवाल्या बाईनं आपल्या होडीनं आमाले ओढून काढलं, आणि ओढताना जे काही बोलली ते भाषा न येताही समजलं.

स्वानंदनं कप्तानले सारं समजावून सांगितलं. मले वाटलं, आता हा आमाले पाण्यात टाकते. पण तो पँटीवरचं दही पुसत म्हणाला, की त्यांच्याकडंही नाव पाण्यात घालताना पुजारी येऊन पाणी शिंपडते. पाणी, भात नाही. मंग पातेल्यात उरलेला दहीभात त्यानं मागून घेतला आणि बोटं चाटून खाल्ला.

आम्हीही जेवाले बसलो. सवयीनं मी आपल्या चौघांची चार ताटं मांडली. मले तुहं वावर दिसाले लागलं. शाळा बुडवून आपण चौघं पहिल्या वेचणीले जायचो, तुही आई पयलं बोंड ओटीत टाकायची आणि निंबाखाली आपल्याले पळसाच्या पानावर दहीभात अन् ठेचा वाढायची. मंग तेच इंदूवहिनींनी चालवलं. घरात कापसाची गंजी लागली की तिच्यात गळ्यापर्यंत घुसून झोपायचो, उठलो की केसात सरकी. या निळ्या पाण्यावर बसून मले तो नाकात जाणारा कापूस आठवला अन् मी घास ठेवून नाक पुसलं. चारुदत्त म्हणाला, ठेचा तिखट झाला काय? ठेचा तर इथल्या गोड्या मिरचीचा होता.

बाकी इकडं सगळं झकास. थोरामोठ्यांना नमस्कार, कालवडीले पाठीवर थाप.

तुहा
भगवानराव

ता. क. स्वानंद म्हणते, काका, सारा हंगाम राहा. चारुदत्त आणि देवराव राहून राह्यले. मी माह्या गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि तिकीट बदलून घेतलं. मिरगाच्या आत पोहोचतो.

ता. क. दुसरा. वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागून, पऱ्हाटीच्या दोनच ओळी ठेव. भावासाठी नाही, सीतादह्यापुरत्या. निंदण-डवरणी मी करीन.

ता. क. तिसरा. वरचं खोडून टाक. तुले जे पेराचं ते पेर. सोयाबीन पेर, तूर पेर, नाहीतर पडीत ठेव, वावर तुहं आहे. मी तिफणीमागं चालीन, तू दिवसभर शिव्या दे, पण तोंड उघड बे. तिघांत मले करमत नाही.