तक्रारपेटीची चावी

मंगळवार, दिवेलागण

वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई म्हाताऱ्यांवर खेकसतात, अशी निनावी तक्रार मी काल पेटीत टाकली. पेटी अध्यक्षांनीच उघडायची, असा नियम आहे. मग आज बाईंनी न सांगता माझ्या डोक्यावरचा पंखा का लावला? "बसा काका, आज खाडीचा वाराच न्हाय." इतका गोडवा? पेटीची चावी यांच्याच जुडग्यात असणार. जुन्या क्रमिक पुस्तकांच्या कपाटाची चावीही त्यातच. ते कपाट बंद झालं, तर शाळेत गुरुजींनी तालावर म्हणून घेतलेल्या त्यातल्या कविता मला गेल्याच. पण मी नाव कुठे घातलं होतं...

निघताना त्या हळूच म्हणाल्या, "काका, ओवीत तक्रार लिहिणारं गावात दुसरं कोण हाय?"

म्हणजे चावी त्यांच्याकडेच. उद्या कपाट उघडतील ना?