मेडिकलमधली खुर्ची

मेडशी, सोमवार, संध्याकाळ

वाशीमच्या बैठकीहून आले, पण डोक्यात ती खुर्चीच. आता म्हणे आम्हा मेडिकलवाल्यांना दुकानातच बीपी, शुगर तपासून द्यावी लागणार, पेशंटला बसवून गोळ्या नीट समजावून सांगाव्या लागणार. त्यासाठी कोपरा मोकळा करा, एक खुर्ची ठेवा. बाकीचे कुरकुरत होते, जागा कुठून आणायची म्हणून. मी मात्र मनातल्या मनात खुर्ची मांडून तिच्यावर आईला बसवूनही टाकलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, आई आसेगावहून एकदाही माझ्याकडे आली नाही. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तिचा नेम. आणि मला मूल नाही. गावभराच्या आया माझ्या काउंटरवर हात टेकून "बाई, चक्कर येते वं" म्हणून सांगतात. माझीच तेवढी... जाऊ दे.

पण दुकान म्हणजे काही घर नाही ना? बसमधून उतरल्या उतरल्या फोन लावला. म्हटलं, "माय, लेकीकडे नको येऊ. मेडिकलमधी ये, बीपी तपासायले. तुह्यासाठी खुर्ची ठेवून राह्यली मी."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. रडत होती का? मग म्हणाली, "येईन. पन पानी मी घरूनच आनीन."

तपासणी सुरू होईल तेव्हा होवो. खुर्ची मी उद्याच आणते.