तळघरातल्या उंदराची तडजोड

अंबड,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप अर्पितभैया यांस,

धाकट्या चुलतभावाचा, अक्षतचा, जयजिनेंद्र. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. बडी मम्मीचे (म्हणजे तुमच्या मातोश्रींचे) गुडघे होते तसेच आहेत, माझं पित्त होतं त्याहून वाढलंय, आणि तुमच्या तब्येतीची चौकशी मी या खेपेला मुद्दामच करत नाही. (घरी आपण मारवाडीत बोलतो, पण तक्रार करायला मला मराठीच बरी पडते.)

दिवाळीला तुम्ही पाठवलेला खोका मिळाला. आपल्या भुयारांच्या खेळाच्या नियमपुस्तकाची सहावी आवृत्ती, जाडजूड, रंगीत. आणि तिच्यावरनं तुमच्या पुण्याच्या कंपनीनं केलेला व्हिडिओ गेम. सोबत तुमची चिठ्ठी, की आता गोष्ट सांगायला माणूस लागत नाही, सगळं कॉम्प्युटरच सांगतो, सातवी आवृत्ती तर कागदावर येणारसुद्धा नाही. भैया, या घरात गोष्ट सांगणारा माणूस कोण? कॉलेजात असताना तिसऱ्या आवृत्तीच्या झेरॉक्सचा गठ्ठा तुम्ही आणलात, सगळ्यांना नाद लावलात आणि नोकरीला निघून गेलात. तेव्हापासून दर रविवारी बियाण्याच्या दुकानामागच्या खोलीत मी भुयार सांगतो. राक्षस मी, भूत मी, धर्मशाळेचा मालकही मीच, आणि बाकीचे फासे टाकून त्यातून वाट काढतात. चौथी आवृत्ती आली, पाचवी आली, आम्ही हललो नाही. बियाण्याचंही तसंच आहे, दरसाल नवं वाण येतं आणि गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून जुनंच मागतं.

नियम पुस्तकातले असले तरी वळण बडी मम्मीचं. भुयारात कांदा-लसूण चालत नाही. दिवस मावळायच्या आत आपलं आणि राक्षसाचं, दोघांचंही जेवण उरकलं पाहिजे. आणि मारायचं कुणालाच नाही. समोर कुणीही येवो, बडी मम्मी आधी विचारते, "बाबा, तुला पायजे काय?" मग मी राक्षसाच्या बाजूनं बोलायचं, घासाघीस व्हायची, तडजोड ठरायची. शहागडचे तातेराव (आपले जुने गिऱ्हाईक, गावातली बांधाची भांडणं मिटवणारे) आमच्याकडे महायोद्धा आहेत, पण इतक्या वर्षांत त्यांची तलवार म्यानातून निघालेली नाही. आग ओकणारा ड्रॅगन सध्या सरकीच्या गोदामावर राखणदार आहे. कामाला चोख आहे, फक्त शिंक आली की त्याला बाहेर पाठवावं लागतं.

तर तुमचा गेम बडी मम्मीच्या लॅपटॉपवर बसला आणि त्या रविवारी सगळे तिच्या हॉलमध्ये गेले. रितिका माझी लग्नाची बायको, तीही गेली. मागच्या खोलीत उरलो मी, फासे आणि बियाण्यांच्या पिशव्या. मला वाईट वाटलं. त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांशीही धड बोललो नाही.

पुढचं मला रितिकाकडून कळलं. तातेराव गेममधल्या धर्मशाळेत शिरले आणि रामराम करायला म्हणून त्यांनी एक कळ दाबली, तर तलवार आपणहून निघाली आणि मालक आडवा. दुसऱ्या दिवशी ते खत न्यायला म्हणून दुकानात आले आणि नुसतेच बसून राहिले. "अक्षतशेठ, इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, बोट लागलं अन् माणूस गेला. त्याच्या घरी कोण कोण आसंल?" मला सांगता आलं नाही, कारण त्या माणसाला तुमच्या कंपनीनं घरच दिलेलं नाही. तातेराव खत न घेताच गेले. तेव्हापासून फिरकलेले नाहीत.

बडी मम्मीचं निराळंच. ती पहिल्याच तळघरात आहे. दारासमोर एक उंदीर बसलाय, त्याला मारल्याशिवाय दार उघडत नाही. तिनं सगळ्या कळा दाबून पाहिल्या, बोलायची कळ नाही. उंदीर चावतो, ती मरते, पुन्हा उठते, त्याला मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागते, पुन्हा मरते. दिवाळीपासून हेच चाललंय. रितिका वैतागून म्हणाली, मारा एकदाचा, खोटाच तर आहे. बडी मम्मी म्हणाली, "मंग टेबलावरचे राक्षस खरे व्हते का?"

तेव्हा मी ठरवलंय, खेळ बंद. तातेराव येत नाहीत, बडी मम्मी तळघरातून निघत नाही, आणि माझी गरज नाही असं तुम्ही लेखी कळवलेलंच आहे. तुमचा गठ्ठा पार्सलनं परत पाठवतो. मागच्या खोलीत खताच्या गोण्या लावीन, त्यांना निदान आवृत्त्या नसतात. थकलो, भैया.

तुमचा धाकटा,
अक्षत

ता. क. पत्र अजून इथंच आहे. दुपारी बडी मम्मी लॅपटॉप काखेत मारून मागच्या खोलीत आली. तातेरावांना तिनंच फोन करून बोलावून घेतलं होतं. लॅपटॉप टेबलावर ठेवून म्हणाली, "हा बिचारा याच्यात अडकून राह्यला. तू याच्या बाजूनं बोल." बोललो. उंदराचं म्हणणं असं, की दारामागे त्याचं बिऱ्हाड आहे आणि येणारा जो तो तलवार घेऊनच येतो, म्हणून चावायची सवय लागली. ठरलं असं, की सांडलेलं धान्य त्याचं आणि वाट आपली. पडद्यावरचं दार अर्थातच उघडलं नाही. आम्ही लॅपटॉप मिटला आणि दारापलीकडचं मी तोंडानं सांगितलं. तातेरावांनी आधी मला त्या धर्मशाळेच्या मालकाला गोष्टीत घर द्यायला लावलं आणि तिथं जाऊन भेटून आले. गठ्ठा पाठवत नाही.

आणखी एक. फासे गोळा करताना मी बडी मम्मीला म्हटलं, जीवदया ठीक, पण एका उंदरापायी इतके दिवस? म्हणाली, "जीवदया तर हायेच. पण अर्पित फोनवर म्हणला व्हता, त्यातला पहिला उंदीर मी बनवलाय. तो कान कसा खाजवतो, पाह्यलं का? अर्पित जेवायला बसला की खाजवतो, बराबर तसाच. पोराच्या हातचा हाय, कसा मारू?"

सातव्या आवृत्तीत उंदराला बोलता येईल की नाही ते तुमचे साहेब जाणोत. इथं मात्र बडी मम्मीला माझा उंदीर पसंत पडला नाही. त्याचा आवाज असा नाही म्हणे. उंदीर तुमचा आहे, तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायला तुम्हीच या. कुठल्याही रविवारी, फक्त दिवस मावळायच्या आत.