घाटापलीकडचा मुक्काम

सोमवार, ४ मार्च
लागली एकदाची नोकरी! सायकल सहलींच्या कचेरीत मार्ग आखायचे. भिंतभर नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. मालकीणबाई हाडाच्या सायकलवेड्या; गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून खुर्चीत. त्यांचा धडा एकच: वारा आणि पाय कुणाचं ऐकत नाहीत, तेव्हा रोजच्या वाटेवर जवळचा, मधला, लांबचा असे तीन मुक्काम हाताशी ठेवायचे. फोनवर खात्री केल्याशिवाय टाचणी टोचायची नाही.

शुक्रवार, ८ मार्च
घाटापलीकडच्या घरी कुणी फोन उचलेना. जुन्या यादीत नोंद होती: निवृत्त परिचारिका, एकट्या, दोन खाटा. तीनदा लावला. बायको खाली ताटकळत होती. टोचली टाचणी. एवढ्या लांब जातंय कोण!

मंगळवार, १२ मार्च
मामा-भाची अशी दोन गिऱ्हाइकं त्या वाटेने निघाली. वारा पाठीशी होता म्हणून मधला मुक्काम सोडून पुढे. घराला कुलूप, वर गारठा. मामाने रात्री तिथेच पायरीवर जीव सोडला. मालकीणबाईंनी विचारलं, फोन केला होतास ना? म्हणालो, हो, बाई स्वतः बोलल्या.

गुरुवार, १४ मार्च
पोलीस सांगून गेले, त्या परिचारिका दोन वर्षांपूर्वीच वारल्यात. मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं. मी रेटून नेलं, कुणीतरी बाई होती खरी. भाची मामाचं सामान न्यायला आली होती. जाताना माझा हात धरून म्हणाली, तुम्ही तर विचारून घेतलं होतं, तुमचा काय दोष? त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. टाचणी उपटून टाकली.

सोमवार, १८ मार्च
फोन आला. म्हातारी बाई, मायाळू आवाज. पाहुणे शांत झोपलेत म्हणाली. एक खाट रिकामी आहे, कुणाला पाठवताय? नंबर — तोच.

बुधवार, २० मार्च
टाचणी पुन्हा जागेवर. मी नाही टोचली. त्या वाटेवर आज दोघी बहिणी आहेत, आणि वारा पाठीशी. त्यांचा फोन लागत नाही. मालकीणबाईंना सगळं खरं सांगावं — जीभ रेटली नाही. त्यांचीच सायकल घेऊन निघतोय.

बुधवार, दुपार
पोचलो. बहिणींचा निरोप आला, मधल्या मुक्कामीच थांबल्या. सुटलो. पण दार —
दार उघडं आहे.

आत बसून लिहितोय. पाय हलत नाहीत. बाई म्हणाल्या, किती गार पडलायस रे. पांघरूण आणायला गेल्यात. पलीकडच्या खाटेवर कुणी कूस बदल—
भाचीला कळवा. फोन कुणी उचललाच नव्हता. मीच —