चिंचेने घासलेली माळ

धारगळ, पेडणे
४ जून १९८७

सौ. प्रभावतीवन्संना,
तुमच्या भावजयीचा नमस्कार.

गोव्याचं राज्य झालं त्याचे पेढे अजून घरात आहेत आणि उद्या माझ्या सुलभाचं लग्न. तिच्या गळ्यात माझी तीच माळ असेल, चांदीची, वर सोन्याचं पाणी दिलेली.

माझ्या पहिल्या चवथीला तुम्ही ती समयांबरोबर चिंच आणि राख लावून घासलीत. पाणी उडालं, चांदी दिसली, आणि गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "इंदूच्या माहेरचं सोनं खोटं गो!" मी समया उचलून आत नेल्या. पण वन्सं, ते सोनं आहे असं माझ्या आईने कधी सांगितलंच नव्हतं. तिने चांदी म्हणूनच दिली होती, आणि ती जपायची कशी हेही शिकवून पाठवलं होतं.

बावीस वर्षं मी तशी जपली. न्हाताना काढली, तेल-अत्तर लावून झाल्यावरच घातली, उतरवल्यावर घाम मऊ सुती कापडाने पुसला. चिंचेला जवळ येऊ दिलं नाही. झिजली तेव्हा म्हापशाच्या सोनार शेटकडून पुन्हा पाणी चढवून घेतलं.

परवाही माळ त्याच्याकडेच नेली होती. सुलभा सोबत होती. ती शेटला म्हणाली, "मधला मणी मात्र चांदीचाच दिसूंदे. कोणी विचारलं तर दाखवायला बरा."

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या तुम्ही मांडवात पहिल्या रांगेत बसाल. मणी तिथून स्वच्छ दिसेल.

तुमची,
इंदुमती