बांधाच्या दगडाखालचा डबा

१८ नोव्हें. २००७, रविवार
आधी तब्येतींची हजेरी. ह्यांचा गुडघा: जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प. कपिला: चारा खाते, दूध कमी, उजव्या डोळ्याला पाणी येतं. पारू: बी.पी.ची गोळी घेते म्हणते, घेत नाही. आज समोर उभी राहून गिळायला लावली. धाकटी जाऊ असली तरी ऐकते माझं. तिची लेक नंदा महाळुंग्यात सासरी, सातवा महिना, पाय सुजतात. मीठ कमी कर म्हणून निरोप धाडला. वरच्या खोलीतली भाडेकरू अश्विनी: सर्दी. काढा दिला, नाक धरून प्यायली. मी: मला काय धाड भरलीये.

दु. अश्विनीच्या गाडीवर मागं बसून मुळशी धरणाच्या अंगाला. लपवलेले डबे शोधायचा खेळ, तिनंच लावलेला नाद. आजचा डबा चौथा. लपवणारा जागेचे आकडे कंप्युटरवर टाकतो, आपण ते जीपीएसच्या यंत्रात घालून शोधत जायचं. आतल्या वहीत नाव लिहायचं, हवं तर एक वस्तू घेऊन आपली एक ठेवायची, डबा होता तिथं परत, बस. हे म्हणतात, रिकामटेकडेपणा. ह्यांचं पारावर पत्ते कुटणं मात्र काम.

अश्वि. यंत्राकडं बघत गोल गोल फिरत होती. मी दगड बघत होते. एका दगडाच्या पाठीवर ओली माती, म्हणजे कुणीतरी उलटा करून ठेवलेला. उचलला. सापडला.

पोरगी लातूरकडची. म्हणाली, "काकू, तुम्ही चीटिंग करायलाव. यंत्र तर बघतच नाही."
यंत्र दहा पावलांवर आणून सोडतं. पुढचं काम डोळ्यांचं. जन्मभर सरपण वेचलं ते आता कामाला आलं.

२५ नोव्हें.
कपिलेचा डोळा बरा. हे ठीक.
आता आपलाही एक डबा हवा, हे डोक्यात बसलंय. दुसऱ्यांचे शोधायचे, आपला नाही, म्हणजे लोकांकडं जेवून येणं आणि घरी कुणाला न बोलावणं. अश्वि. म्हणाली, करा की. कडीचा स्टीलचा डबा घासून ठेवला. आत शंभर पानी वही, पेन्सिल, चार गोट्या, चिंध्यांची बाहुली.
जागा कुठं?

२ डिसें., रविवार
जागा मिळाली. विहिरीचा कठडा नको, पोरं उपसतील. करंजाची ढोली नको, तिच्यात कोण बसलंय सांगता येत नाही. देवळामागं वर्दळ.
मग सुचलं. वरच्या वावरात आमचा न् पारूचा बांध आहे. टोकाला मामंजींनी वाटणीच्या वेळी रोवलेला हद्दीचा दगड. आमच्या सूस गावातला माणूस एक वेळ दुसऱ्याचं कणीस मोडेल, पण हद्दीच्या दगडाला हात लावणार नाही. याहून भरवशाची जागा तालुक्यात नाही.

पहारीनं दगड उचकटला. आमच्या अंगाला लगेच खडक लागला, डबा बसेना. पलीकडून माती मऊ. तिकडं खळगा केला, डबा ठेवला, दगड वर टेकवला. अश्वि. म्हणत होती, काकू, खणायचं नसतं, नियम आहे. मी म्हटलं, हे खणणं नव्हे, उकरणं.
कंप्युटरवर साइटवाले विचारतात, जमीनमालकाची परवानगी आहे का. मी म्हटलं, लिही, मालकीण स्वतः पहार घेऊन हजर.
लई दिवसांनी असं वाटलं की आपण काहीतरी

९ डिसें.
आले! पुण्याचे दोघं. एकानं वहीत लिहिलंय, "जागा भारी, दगड वजनदार." वाचून घरात दोन फेऱ्या मारल्या. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "दगडाचं कौतुक हाय, तुजं न्हाई."

१६ डिसें.
एकूण सहा जण येऊन गेले. एक बाई हिंजवडीतून, साडी नेसून. तिनं गोटी घेतली, केसांची पिन ठेवली.
सं. पारू दूध न्यायला आली तेव्हा विचारत होती, वरल्या वावरात कोण माणसं येत्यात. येत्यात फिराया, म्हटलं, आणि विषय बदलला. एक दिवस तिला वर नेऊन चकित करायचं आहे. डबा तिच्याच हातानं काढायला लावीन.

२३ डिसें.
हे बरे. कपिला बरी. नंदाचे पाय उतरले असं दुसऱ्यांकडून कळलं.
दुसऱ्यांकडून, कारण पारू तीन दिवस दुधाला आली नाही. विहिरीवर मला बघून कळशी अर्धीच भरून गेली. गोळी संपली असेल का. की माझंच काही

२६ डिसें.
सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.
सकाळी तिच्या दारात गेले. बस म्हणाली नाही. म्हणाली, "मोजणी कवा ठिवली, येवढं तरी सांगायचं हुतं आक्का."
कसली मोजणी, म्हटलं.
"शेरातली माणसं यंत्र घिऊन येत्यात. दगडापाशी बसून लिवून घेत्यात. बिल्डरची हायेत न्हवं? मला येडी समजता व्हय."
मला हसू आलं. यायला नको होतं. हाताला धरून तिला वर नेलं, डबा काढला, बाहुली दाखवली, वही दाखवली. म्हटलं, बघ गं बाई, हा खेळ आहे, लपवायचा न् शोधायचा. डबा परत ठेवताना दगडाला तूच हात लाव म्हणत होते मी मनात.
तिनं डब्याकडं बघितलंच नाही. ती दगडाकडं बघत होती. म्हणाली, शेवाळाचं अंग उत्तरेला होतं, आता माझ्या वावराकडं आहे.
"सरकलाय का न्हाई, येवढंच सांगा."
सरकलाय, म्हटलं.
"किती?"
वीतभर.
"कुणीकडं?"
खळगा तिच्या बाजूला केलेला. दगड त्याच्यावर. ते मला तिथं उभी असताना कळलं.
पारू म्हणाली, "धनी गेल्यापास्नं समद्यांनी बांध खाल्ला माजा. वरला खातोय, खालला खातोय. रोज जाऊन बगती मी. ह्यो येकच बांध कदी बगितला न्हवता."
उतरून गेली.

२७ डिसें.
हे म्हणाले, उद्या झुंजुमुंजू व्हायच्या आत दगड जागेवर ठेव, मिटलं. मी म्हटलं, एकदा तिच्या माघारी हात लावला तेवढा पुरे. हद्दीचा दगड दोन्ही घरं उभी राहून ठेवतात, नारळ फोडून. मामंजींनी ठेवला तेव्हा आम्ही दोघी नव्या सुना, डोक्यावर पदर घेऊन लांबून बघत होतो.
तशी नेमकी जागा मलाही ठाऊक नाही. उकरलेली माती पसरली. वीत मी अंदाजानं म्हटली.

२९ डिसें.
अश्वि.ला वाटलं तिच्यामुळं झालं. रडवेली झाली. म्हटलं, पहार तुझ्या हातात होती का?
तिनं डोकं चालवलं. डबा ठेवल्या दिवशीचे आकडे यंत्रात आहेत, त्यावरून जागा ठरवू. वर गेलो. तीनदा उभं राहून तीन निराळे आकडे आले. पाच-सहा मीटर मागंपुढं होतंच म्हणे. पाच-सहा मीटरांत पारूच्या पावट्याच्या सगळ्या ओळी येतात. आकाशातल्या उपग्रहाला वीत कळत नाही. पारूला नुसत्या नजरेनं कळली.
शिवाय आकडे घेतले तेव्हा दगड आधीच हललेला.
डबा काढून घरी आणला. दगडाला हात लावला नाही. साइटवर "बंद" असं लिहायला लावलं.

६ जाने. २००८
हे: गुडघा, शेक. कपिला ठीक. अश्वि. ठीक. पारूची तब्येत माहीत नाही. लिहून ठेवते की माहीत नाही.
ऐकलं की ती सरकारी मोजणीचा अर्ज देणार आहे, कागद गोळा करतेय. तिचा हक्क आहे. पण अर्ज गेला की आम्ही दोघी जावा राहत नाही, अर्जदार आणि लगतधारक होतो, कागदावरचे शेजारी. आमच्या गल्लीत अशी तीन घरं आहेत. एकमेकांच्या मयताला सुद्धा जात नाहीत.
चौतीस वर्षं. दोन बाळंतपणं तिची मी काढली, एक माझं तिनं.
मिटेल. मिटवीनच. कसं ते अजून

१५ जाने., संक्रांत
दर सालाला सगळ्यांच्या आधी पारू येते, वाकते, तिळगूळ घेते. दुपारपर्यंत वाट बघितली. मग ह्यांच्या हाती वाटीभर धाडला. घेतला तिनं. मोठ्या दिरापुढं नाही कसं म्हणेल.
वाटी संध्याकाळी परत आली. घासून, पुसून, रिकामी.
आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार शेंगा, लिंबू. चौतीस वर्षांत किती वाट्या गेल्या-आल्या, एक रिकामी आली नव्हती. फळीवर ठेवली आहे. स्वैपाक करताना तिकडं बघवत नाही.

१६ जाने.
रिकामी का होईना, घासून दिली. ज्याच्याशी कायमचं तुटलं त्याचं भांडं बाई घासत नाही, दारात ठेवून येते.
हे म्हणाले, तू कशातूनही चांगलं काढतेस. म्हटलं, मग काय वाईट काढू?

२० जाने., रविवार
ठरवलं. तोंडानं बोलायला गेले की ती आत जाते. मग लिहावं. साक्षरता वर्गाला आम्ही बरोबरच बसत होतो. ती सावकाश वाचते, पण एकदा वाचलेलं विसरत नाही.
तोच डबा. नवी वही. पहिल्या पानावर लिहिलं ते इथं उतरवून ठेवते:

"पारू, तुझी तब्येत कशी? गोळी घेतेस का? नंदा कशी, बाळ फिरतंय का पोटात? जावईबापूंचा खोकला गेला का? तुझी लाल कोंबडी बसली का अंड्यांवर?
दगड मी सरकवला. तुला न विचारता. तुझ्या अंगानं. वीतभर म्हटलं, जास्तही असेल, मला नक्की माहीत नाही. विकायला नाही, मोजायला नाही, खेळापायी. पण तू विचारलंस तेव्हा फिरायला येतात म्हणाले, ते खोटं. दगडापेक्षा ते जास्त चुकलं.
जुनी जागा तुझ्या डोळ्यात आहे, माझ्या नाही. तू ये, बोट ठेवशील तिथं दगड बसवू. माझ्या बाजूला आला तरी चालेल. मोजणी हवी असली तरी कर, मी सही देईन, पण आधी भेट.
खाली जागा ठेवली आहे."

अश्वि.नं विचारलं, आकडे काय द्यायचे? म्हटलं, ह्या डब्याला आकडे नाहीत.
आमच्या परसातल्या गोवऱ्यांच्या राशीत, कुंपणाकडच्या अंगाला, खालून तिसऱ्या थरात ठेवला. मग कुंपणापाशी कपिलेला चारा टाकताना मोठ्यानं तिलाच सांगितलं, "कपिले, कुणी डबा शोधत आलं तर सांग, कुंपणाच्या अंगाला, खालनं तिसरा थर." पलीकडं पारूच्या परसात भांडी घासायचा आवाज थांबला. परत सुरू झाला.
बोलत नसलो तरी ऐकायला बंदी नाही.

२२ जाने.
डबा होता तसा. गोवरीवर मी खुणेला ठेवलेली काडी तशीच.
हे म्हणाले, "म्हशीला सांगून भांडण मिटवाया निगालीस." कपिला गाय आहे. इतक्या वर्षांत ह्यांच्या एवढंही लक्षात आलं नाही.

२४ जाने.
काडी तशीच. नंदा तपासायला पुण्याला नेली म्हणे. पारू बरोबर गेली असेल. म्हणजे घरात नव्हतीच. बरं झालं, उगाच मनाला लावून घेतलं.
अर्ज दिला की नाही ते कुणाला माहीत नाही. मी विचारणार नाही.

२७ जाने., रविवार
हे: बरे. कपिला: बरी. अश्वि.: बरी, सुट्टी असून घरातच, दर तासाला विचारते, काकू, बघितलं का?
सकाळी काडी खाली पडलेली. वारा होता रात्री, म्हणून धरलं नाही मनावर. तिसरा थर काढला. डबा आत, पण कडी डाव्या बाजूला. मी उजवीकडं ठेवते. अश्वि.ला हाक मारली नाही. आधी एकटीनं उघडला.
वहीत उत्तर नाही. माझं लिहिलेलं वर, खाली नुसती जागा. उलटून बघितलं, मागंही काही नाही. वहीच्या पानांवर बोटांचे राखेचे ठसे.
मग पेन्सिल हातात घेतली. घाईत मी बोथट थोटूक टाकलं होतं, लिहिता आलं नसतं त्यानं. त्याला लांब टोक काढलेलं. विळीवर काढलेलं, टोकयंत्रानं नव्हे, सालीच्या चपट्या खुणा आहेत.
तिथंच गोवऱ्यांवर बसले थोडा वेळ. हसले की रडले, कपिलेला विचारा.
त्याच पेन्सिलीनं खाली एक ओळ वाढवली, डबा तिसऱ्या थरात परत ठेवला:
"पारू, टोक छान आलंय. मी काही मोडत नाही ते. आता तू लिही, लवकर लिही, वाट बघते."