माझी पहिली पॉइंट टू-टू

रविवार, ७ सप्टेंबर. नीउ-व्हेनेप.
शूटिंग क्लबने मला उमेदवार सभासद करून घेतलं. सेक्रेटरीबाईंनी सकाळी फोनवर कन्फर्म केलं. डचमध्ये बऱ्याच बोलल्या. 'वेलकॉम' स्पष्ट कळलं, बाकीचे तपशील महत्त्वाचे नसावेत.
बायकोचं, म्हणजे उत्तराचं, डच माझ्याहून चांगलं, वैदेहीचं आईहून चांगलं. जेवताना दोघी हसतात, मी भेंडी खातो. काल वैदेहीला विचारलं, काय गं एवढं? म्हणाली, 'लाट मार, बाबा.' म्हणजे राहू दे. एक तरी गोष्ट हवी, जी या घरात फक्त मला येते. नाहीतर मी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवणारा माणूस म्हणूनच उरेन.
ठरलं. रायफल.

बुधवार, १० सप्टेंबर
उत्तरा म्हणाली, तुला झुरळ मारता येत नाही. झुरळाचा इथे संबंध नाही. हा ऑलिम्पिक खेळ आहे.
रिसर्च पूर्ण. पहिली रायफल पॉइंट टू-टू रिमफायरच, म्हणजे लहान काडतुसाची, घ्यावी. धक्का कमी, आवाज कमी. नवशिक्यांना सगळे हेच सांगतात. मी नवशिका नाही, कॉलेजात एनसीसीत होतो (परेडपुरता). एक्सेलमध्ये सगळी मॉडेलं वेटेजसकट टाकली. पहिली आली अक्रोडी दस्त्याची, जड बॅरलची मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल. जड म्हणजे स्थिर. दिसण्याला वेटेज चाळीस टक्के.
उइटहॉर्नच्या अजितरावांना, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना, सहज सांगितलं. ते म्हणाले, वा! खंडेनवमीला दरवर्षी लॅपटॉपच पूजतो आपण, यंदा खरं शस्त्र! ग्रुपवर टाकून मोकळेही झाले. मी 'जरा थांबा' टाइप करेपर्यंत अंगठ्यांची रांग लागली.

रविवार, १४ सप्टेंबर
रेंजवर पहिला दिवस. इन्स्ट्रक्टर योप, सत्तरीचा. त्याने माझं एक्सेल शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, यातली हातात कुठली धरलीस? प्रश्न डेटा-ड्रिव्हन नव्हता.
मग कळलं की वर्षभर क्लबचीच रायफल वापरायची, नंतर पोलिसांचा परवाना, त्यानंतर स्वतःची. हे बहुधा फोनवरच्या तपशिलांत होतं.
जड मॅच रायफल उभ्याने धरून पाहिली. माझे हात स्थिर होते, रायफल थरथरत होती. योपने डोळे तपासले. हात उजवा, नेमाचा डोळा डावा. म्हणजे यादीतलं प्रत्येक मॉडेल चुकीच्या खांद्याचं. घरी येऊन एक्सेलमध्ये कॉलम वाढवला.

बुधवार, २४ सप्टेंबर
डाव्या खांद्यावरून मारून पाहिलं. योप म्हणाला, कागद पुन्हा वापरता येईल. उत्तराने विचारलं, कसं झालं? म्हटलं, गोळ्या जवळजवळ लागतात. कागदाबाहेर, पण जवळजवळ.
अजितरावांचा फोन. शिरीष, पूजेचा फोटो पाठव हं, बॅनरवर घेतोय! हो म्हणालो. का हो म्हणालो?

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
आज संपलं सगळं.
क्लबची रायफल टेबलावर होती. योप कॉफी आणायला गेला. मी झेंडू ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फोटो काढला. फोटो सुंदर आला. पण रेंजच्या नियमाप्रमाणे बोल्ट, म्हणजे गोळी भरायच्या जागेची खिट्टी, उघडा होता. अक्षता आत गेल्या.
योपला कुंकू आधी दिसलं. तो कॉफीसकट माझी बोटं मोजायला धावला. मग त्याला हळद दिसली. डच लोकांना वाढदिवस कळतात, म्हणून मी म्हणालो, आज रायफलचा वाढदिवस आहे. त्याने रेंज बंद केली. सगळे हात बांधून उभे, आणि योप चिमट्याने तांदूळ काढतोय. म्हणाला, हे आत असताना कोणी गोळी भरली असती तर?
पुढच्या बुधवारी कमिटीसमोर. ज्याला नीट बोलता येतं असं कोणीतरी घेऊन ये, म्हणाला.

बुधवार, ८ ऑक्टोबर
उत्तराला नेलं. विनवण्या करून. ती म्हणाली, तू फक्त हात जोड आणि गप्प बस. ती डचमध्ये बराच वेळ बोलली. कमिटी दोनदा हसली, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.
निकाल: माझी उमेदवारी रद्द. यायचं असेल तर छऱ्याची एअर रायफल, तीही कोणीतरी शेजारी उभं असताना. मला काही वाटलं नाही. गाडीत जाऊन बसलो आणि वायपर चालू केले. पाऊस नव्हता.
परत आत गेलो तर योप उत्तराला सांगत होता, आलीच आहेस तर मारून बघ. तिने तीन रायफली खांद्याला लावल्या आणि आखूड दस्त्याची हलकी उचलली. म्हणाली, ही बरी, मान अवघडत नाही. बस्स, एवढीच निवड! वेटेज नाही, काही नाही. पाच गोळ्या, कागदाच्या मधोमध एकच भोक.
नवशिक्यांचं होतं असं.
गाडीत म्हणाली, मजा आली रे.

रविवार, १५ नोव्हेंबर
मध्ये वर्ष गेलं. लिहायला सवड नव्हती.
एअर रायफलमध्ये प्रगती आहे. योप आता शेजारी बसतो, उभा राहत नाही.
उत्तराचा परवान्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यात. रायफल तीच, तिने पहिल्या दिवशी उचललेली. जिन्याखाली लोखंडी कपाट बसवलंय, गुरुवारी पोलीस ते तपासायला येतील. परवाना ज्याचा, किल्ली त्याची. ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या इतरांना माहीत असता कामा नये. पोलीस मला बाजूला घेऊन विचारणार आहेत म्हणे.
वैदेही रोज जेवताना माझ्याकडून डचमध्ये उत्तर पाठ करून घेते आहे: मला माहीत नाही. ती म्हणते, बाबा, तुझं हे एक वाक्य अगदी डच माणसासारखं येतं.
गुरुवारसाठी मी तयार आहे.